गॅनिमिडवर वाफ ‘सापडली’, म्हणजे नेमकं काय मोजलं?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा.” याचं उत्तर पाठ करून जाता येतं. त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर पाठ करता येत नाही. मी गॅनिमिड या गुरूच्या चंद्रावर पाण्याची वाफ सापडल्याचा पेपर सांगितला होता. विषय नवा, ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’सारखं नियतकालिक, मला वाटलं काम झालं. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “वाफ कशी मोजली?” मी म्हटलं, “हबल दुर्बिणीने.” त्या म्हणाल्या, “हबलने काय मोजलं, ते विचारतेय मी.” मी गप्प. गोषवारा आणि बातम्या वाचल्या होत्या, पेपर वाचला नव्हता.

निवड झाली, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आता मी स्वतः याच चंद्राच्या वातावरणाची मॉडेल्स चालवतो, आणि हा पेपर निदान वीस वेळा तरी वाचून झालाय. आज त्याचंच परीक्षण करू. पेपर चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या मते त्याचा मुख्य निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. पण त्यात मोजलेलं किती, गृहीत धरलेलं किती आणि वजाबाकीने काढलेलं किती, हे वेगवेगळं करता आलं पाहिजे. संशोधनाच्या तयारीत तुम्हाला नेमकं हेच शिकायचं आहे.

आधी गॅनिमिडची ओळख

गॅनिमिड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र. व्यास ५,२६८ किमी, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही मोठा. गुरूभोवती एक फेरी सुमारे ७.१५ दिवसांत. पृष्ठभागावर पाण्याचा बर्फ आणि त्यात मिसळलेला काळपट पदार्थ. रात्रीचं तापमान ९० केल्विनच्या आसपास, विषुववृत्तावर भर दुपारी १५० केल्विनच्या आसपास. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, हे १९९६ मध्ये गॅलिलिओ यानामुळे कळलं. स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला दुसरा चंद्र आपल्याला अजून माहीत नाही.

वातावरण म्हटलं तर आहे. पृथ्वीवर आपल्या डोक्यावर जेवढी हवा असते, तिच्या हजारो कोटी पटींनी ते विरळ आहे. बहुतेक ठिकाणी रेणू एकमेकांवर आदळतच नाहीत. पृष्ठभागावरून उडी मारतात आणि परत पृष्ठभागावर पडतात. अशा थराला एक्सोस्फिअर म्हणतात.

हे रेणू येतात मुख्यतः दोन मार्गांनी. पहिला मार्ग स्पटरिंगचा. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातले वेगवान आयन बर्फावर आदळतात आणि रेणू उडवतात, तोडतात. तुटलेल्या तुकड्यांतून रेणूरूप ऑक्सिजन तयार होतो. दुसरा मार्ग संप्लवनाचा, म्हणजे कापराच्या वडीसारखा घनातून थेट वायू.

आता या दोन वायूंच्या स्वभावातला फरक बघा. ऑक्सिजन इतक्या विरळ स्थितीत ९० केल्विनला गोठत नाही. तो उड्या मारत मारत सगळ्या चंद्रावर पसरतो. पाण्याच्या रेणूचं तसं नाही. १५० केल्विनला त्याची एक उडी साधारण १०० किमीची असते, पाच-सहा मिनिटांची. खाली पडला की तो थंड बर्फाला चिकटतो. त्यामुळे पाण्याची वाफ असलीच तर ती दिवसाच्या बाजूला, सूर्य डोक्यावर असलेल्या भागात जमणार आणि कडेला झपाट्याने कमी होणार. मार्कोनी यांच्या २००७ मधल्या मॉडेलनेही मोठं चित्र असंच दाखवलं होतं. पण दुर्बिणीतून ही वाफ दिसत नव्हती.

पेपरने काय केलं?

लोरेन्झ रोथ आणि सहकाऱ्यांचा हा पेपर जुलै २०२१ मध्ये आला. त्याचा आधार आहे हबलने अतिनील प्रकाशात पाहिलेल्या दोन रेषा, १३०.४ नॅनोमीटर आणि १३५.६ नॅनोमीटर. दोन्ही रेषा ऑक्सिजनच्या अणूच्या. आधी हे नीट लक्षात घ्या. पाण्याच्या रेणूची एकही रेषा या पेपरमध्ये मोजलेली नाही.

मग पाणी आलं कुठून? इलेक्ट्रॉन एखाद्या रेणूवर आदळला की रेणू तुटतो, आणि सुटलेला ऑक्सिजनचा अणू उत्तेजित असेल तर चमकतो. मूळ रेणू कोणता होता त्यावर या दोन रेषांच्या तेजाचं प्रमाण ठरतं. रेणूरूप ऑक्सिजन तुटला तर १३५.६ ची रेषा १३०.४ पेक्षा दुपटीहून तेजस्वी असते. पाणी तुटलं, किंवा आधीच सुटा असलेला ऑक्सिजन अणू उत्तेजित झाला, तर उलट १३०.४ ची रेषा वरचढ ठरते.

गॅनिमिडवर या दोन रेषा १९९० च्या दशकातच दिसल्या होत्या. त्यावरून रेणूरूप ऑक्सिजन आहे हे ठरलं. पण प्रमाण शुद्ध रेणूरूप ऑक्सिजनला शोभेल असं नव्हतं, १३०.४ थोडी जास्तच तेजस्वी होती. थोडा अणुरूप ऑक्सिजनही असेल, असं म्हणून तो प्रश्न मिटवला गेला.

रोथ यांनी हेच स्पष्टीकरण तपासायला घेतलं. अणुरूप ऑक्सिजन सूर्याचा १३०.४ चा प्रकाश सहज विखुरतो. गॅनिमिड गुरूच्या सावलीत गेला की सूर्य बंद आणि हा वाटाही बंद. म्हणून ग्रहण ही उत्तम परीक्षा. २०१८ च्या ग्रहणातल्या निरीक्षणांवरून निष्कर्ष निघाला की अणुरूप ऑक्सिजन रेणूरूप ऑक्सिजनच्या निदान शंभर पटींनी कमी आहे. जुनं स्पष्टीकरण गेलं. मग त्यांनी १९९८ आणि २०१० मधल्या प्रतिमा पुन्हा उघडल्या आणि प्रमाण जागेनुसार काढलं. कडेला ते शुद्ध ऑक्सिजनसारखं निघालं, मध्यभागी मात्र कमी. उरलेला उमेदवार एकच, पाण्याची वाफ. सूर्याखालच्या भागात पाणी ऑक्सिजनपेक्षा जास्त आहे, आणि चंद्राच्या मागच्या, तुलनेने उबदार गोलार्धावर पाण्याचं ऑक्सिजनशी असलेलं प्रमाण पुढच्या गोलार्धाच्या सुमारे पाचपट आहे, असा दावा झाला.

जे मला पटतं

परीक्षण म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे, म्हणून आधी बळकट बाजू. पहिली, त्यांनी जुन्या स्पष्टीकरणाला स्वतंत्र परीक्षेत बसवलं. अणुरूप ऑक्सिजन नसावा असं नुसतं म्हणून सोडलं नाही. दुसरी, दावा फक्त एका आकड्यावर उभा नाही, आकारावरही उभा आहे. पाणी मध्यभागी जास्त, कडेला नाही, उबदार गोलार्धावर जास्त, या तिन्ही गोष्टी संप्लवनातून आधीच अपेक्षित होत्या. तिसरी, सगळा डेटा हबलचाच आहे, त्यातला काही वीस वर्षं जुना. नवीन दुर्बीण मिळाली तरच संशोधन होईल असं समजणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

आता कच्चे सांधे

पहिला सांधा म्हणजे वजाबाकीचा तर्क. ‘हा नाही, तो नाही, म्हणून तिसरा.’ हा तर्क वाईट नाही, पण उमेदवारांची यादी पूर्ण असेल तेवढाच तो बळकट. पेपरच्या शीर्षकात मात्र ‘डिटेक्टेड’ असा शब्द आहे. माझ्या मते तिथे ‘इन्फर्ड’ हा शब्द जास्त प्रामाणिक ठरला असता. थेट पाहणं आणि दुसऱ्या कशावरून ओळखणं यांत फरक आहे. दुसऱ्याच्या अंगणात ओली पावलं दिसली म्हणून पाऊस पडला असं म्हणता येतं, पण तुम्ही पाऊस पाहिलेला नसतो.

दुसरा सांधा भूमितीचा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीवरून गुरूकडे बघताना आपण जवळजवळ सूर्याच्याच दिशेने बघत असतो. सूर्य, गुरू आणि पृथ्वी यांतला कोन १२ अंशांच्या पुढे जातच नाही. म्हणजे सूर्य जिथे डोक्यावर आहे तो बिंदू आपल्याला नेहमीच चकतीच्या मधोमध दिसतो. मग ‘मध्यभागी प्रमाण कमी आहे’ याचा अर्थ ‘सूर्याखाली प्रमाण कमी आहे’ असाच घ्यायचा का? मध्यभागात आणखीही काही वेगळं असतं. एक तर तिथे पृष्ठभागावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश सर्वाधिक असतो. आणि सूर्याच्या स्वतःच्या प्रकाशात १३०.४ ची रेषा ठळक, तर १३५.६ ची फिकी. म्हणजे परावर्तित प्रकाश वजा करताना जरा कमी वजा झाला, तर १३०.४ फुगणार, प्रमाण घटणार, आणि तेही नेमकं मध्यभागी. पाण्याची खूण हुबेहूब अशीच असते.

लेखकांनी हा प्रकाश वजा केलेला आहे. अतिनील प्रकाशात गॅनिमिडचा पृष्ठभाग फार काळा आहे, म्हणून दुरुस्ती मोठी नाही. पण चुकीची दिशा आणि निष्कर्षाची दिशा एकच असेल, तर वाचकाने तिथे थांबायचं. पद्धतीच्या विभागात जाऊन पृष्ठभागाची परावर्तनक्षमता किती धरली आणि ती बदलली तर काय होतं, एवढं शोधायचं. पेपर वाचणं म्हणजे हे. गोषवाऱ्यात यातलं काही येत नाही.

तिसरा सांधा तेजापासून रेणूंच्या संख्येपर्यंतचा. ‘प्रमाण कमी आहे’ ते ‘पाणी इतकं आहे’ या प्रवासात दोन गोष्टी लागतात. एक, इलेक्ट्रॉन आदळल्यावर कोणत्या रेणूतून कोणती रेषा किती निघते याचे प्रयोगशाळेतले आकडे, ज्यांना क्रॉस-सेक्शन म्हणतात. दोन, तिथल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा. दोन्ही वायू एकाच जागी, एकाच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात असतील, तर प्रमाण काढताना इलेक्ट्रॉनांची संख्या कटते. ही या पद्धतीची खरी हुशारी आहे. पण पाणी पृष्ठभागाला धरून असतं, ऑक्सिजन पसरलेला असतो. सूर्य विषुववृत्ताजवळ डोक्यावर असतो, आणि विषुववृत्ताजवळच्या भागाला गॅनिमिडचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र काही प्रमाणात झाकतं. ऑरोराचे तेजस्वी पट्टे वरच्या अक्षांशांवर असतात. मग मारा सगळीकडे सारखा कसा धरायचा?

शिवाय पाणी ही रेषा फार कंजूषपणे देतं, ऑक्सिजनच्या मानाने खूपच कमी. म्हणजे तेजातला लहानसा फरक पाण्याच्या मोठ्या आकड्यात बदलतो. मोजमापातली लहान चूकसुद्धा तेवढ्याच पटीने मोठी होते.

चौथा सांधा लहान आहे. मागच्या गोलार्धाची प्रतिमा १९९८ ची, पुढच्या गोलार्धाची २०१० ची. ‘पाचपट’ हा आकडा बारा वर्षांच्या अंतरावरच्या दोन वेळांची तुलना करतो. इथे लेखकांच्या बाजूने एक सांगायला हवं. दोन्ही वेळी गुरू त्याच्या कक्षेत सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून फार लांब नव्हता, म्हणजे ऊन साधारण सारखंच होतं. पण गुरूभोवतालचा आयनांचा मारा दोन्ही वेळी सारखा होता का, हे या दोन प्रतिमांवरून सांगता येत नाही.

पंधरा केल्विनचा खेळ: वही-पेन घ्या

आता मॉडेलच्या बाजूने बघू. पुढचं गणित मी मुद्दाम बारावीच्या पातळीवर ठेवलंय. वाचून सोडू नका, करून बघा.

सूर्यापासून पृथ्वीच्या अंतरावर एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट ऊन पडतं. गुरू सरासरी ५.२ पट लांब, म्हणून ५.२ च्या वर्गाने भागा. साधारण ५० वॉट उरतात. पृष्ठभाग त्यातलं काही परत फेकतो. जो भाग परत जातो तो अल्बेडो. उरलेली ऊर्जा पृष्ठभाग स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाने बाहेर टाकतो. भर दुपारचं तापमान काढा. अल्बेडो ०.४ धरला तर १५२ केल्विन, ०.५ धरला तर १४५, ०.६ धरला तर १३७. फक्त पंधरा केल्विनचा फरक. दिसायला काहीच नाही.

आता बर्फाचा बाष्पदाब. तो तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. संप्लवनाची उष्णता दर मोलला सुमारे ५१ किलोज्यूल घ्या आणि क्लॉशियस-क्लेपेरॉनचं समीकरण लावा. १५० केल्विनला दाब येतो पास्कलचा सुमारे सहा-दशलक्षांश. या दाबाला रेणूच्या वजनाने भागलं की एका चौरस सेंटिमीटरवर उभ्या असलेल्या स्तंभात किती रेणू आहेत ते मिळतं. आकडे प्रचंड आहेत, म्हणून अर्थसंकल्पातल्यासारखं ‘लाख कोटी’ हे एकक वापरू.

अल्बेडो ०.४ म्हणजे १५२ केल्विन: सुमारे २३,००० लाख कोटी रेणू.
अल्बेडो ०.५ म्हणजे १४५ केल्विन: सुमारे ३,४०० लाख कोटी.
अल्बेडो ०.६ म्हणजे १३७ केल्विन: सुमारे ३०० लाख कोटी.

आणि गॅनिमिडचा ऑक्सिजन? २०२३ मध्ये कॅथरिन डी क्लीर आणि सहकाऱ्यांनी केक दुर्बिणीतून ग्रहणाच्या वेळी मोजलेली सरासरी आहे सुमारे ४७० लाख कोटी. भागाकार करा. पहिल्या ओळीत पाणी ऑक्सिजनच्या पन्नासपट, दुसऱ्या ओळीत सातपट, तिसऱ्या ओळीत ऑक्सिजनपेक्षाही कमी.

म्हणजे ‘गॅनिमिडवर पाण्याचं वातावरण आहे’ आणि ‘गॅनिमिडवर पाणी किरकोळ आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच समीकरणातून निघतात. मध्ये फक्त अल्बेडोची निवड आहे. हे गणित भोळं आहे, कारण सगळीकडे शुद्ध बर्फ धरलाय, उष्णता जमिनीत मुरते हे सोडून दिलंय, आणि सूर्याखालच्या पाण्याला ग्रहणातल्या सरासरी ऑक्सिजनने भागलंय. पण संवेदनशीलता कुठे आहे हे कळायला ते पुरेसं आहे. बर्फाने व्यापलेलं क्षेत्र निम्मं केलं तर वाफ साधारण निम्मी होते. तापमान दहा टक्के कमी केलं तर ती शंभरेक पटींनी घटते. कोणत्या आकड्यासाठी भांडायचं हे यावरून ठरवा.

सरासरीने केलेली माझी फसवणूक

हा धडा मी फुकट शिकलेलो नाही. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये मी पृष्ठभागाचा सरासरी अल्बेडो घेतला, त्यावरून तापमान काढलं आणि त्या तापमानाचा बर्फ सगळीकडे पसरला. सूर्याखाली पाणी भरपूर आलं, रोथ यांच्या चित्राशी सुरेख जुळलं. मी आलेख रंगीत छापून टेबलासमोर लावला. तीन आठवडे तो तिथे होता.

मग मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “जिथे गरम आहे तिथे बर्फ आहे का?”

नाही. गॅनिमिडचा पृष्ठभाग ठिपक्याठिपक्यांचा आहे. काळपट भाग ऊन पितो आणि तापतो, पण तिथे उघडा बर्फ कमी असतो. उजळ बर्फ ऊन परत फेकतो आणि थंड राहतो. ही फारकत आपोआप होत असणार असं जॉन स्पेन्सर यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. गरम जागेवरचा बर्फ उडून थंड जागेवर जमतो, त्यामुळे थंड जागा आणखी उजळ आणि थंड होते, गरम जागा आणखी काळी आणि गरम. म्हणजे आज जिथे बर्फ आहे, तो तिथे आहे कारण ती जागा थंड आहे.

माझ्या मॉडेलने काळ्या ठिपक्याची ऊब घेऊन ती पांढऱ्या ठिपक्याच्या बर्फाला लावली होती. असा पृष्ठभाग गॅनिमिडवर कुठेही नाही. ठिपके वेगळे केले आणि पाणी कितीतरी पटींनी घसरलं. आलेख खाली उतरला. निरीक्षणाशी जुळणं हा मी पुरावा मानला होता, तो योगायोग निघाला, आणि मी तपासलं नव्हतं कारण उत्तर मला हवं तेच होतं. उत्तर न जुळलं असतं तर पहिल्याच दिवशी मी कोड उलटंपालटं केलं असतं. जुळलेल्या उत्तरालाही तेवढ्याच संशयाने तपासायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

रोथ यांच्या पेपरवर हा आक्षेप थेट लागू होत नाही, कारण त्यांनी पाणी तेजावरून काढलं, तापमानावरून नाही. पण पुढे मॉडेल करणारे त्यांचा आकडा लक्ष्य म्हणून धरतात आणि तो येईपर्यंत बर्फाचं तापमान किंवा क्षेत्र हलवतात. मग निरीक्षण मॉडेलला दुजोरा देतं आणि मॉडेल निरीक्षणाला. दोघं एकमेकांचे साक्षीदार झाले, की तिसरा साक्षीदार शोधायला हवा.

तिसरा साक्षीदार आला का?

डी क्लीर यांच्या त्याच २०२३ च्या कामात पाण्याचाही शोध घेतला होता, दृश्य प्रकाशातल्या अनेक रेषांवरून. गॅनिमिडवर पाणी त्यांना दिसलं नाही. त्यांनी वरची मर्यादा दिली: पाणी ऑक्सिजनच्या ०.६ पटींहून कमी.

‘पाणी जास्त’ म्हणणारा एक पेपर आणि ‘०.६ पेक्षा कमी’ म्हणणारा दुसरा. इथे ‘शास्त्रज्ञांमध्ये मतभेद’ असं लिहिण्याचा मोह होतो. थांबा. दोघांनी काय मोजलं ते बघा. डी क्लीर यांचं निरीक्षण ग्रहणातलं आहे. सूर्य झाकला की पृष्ठभाग गार पडू लागतो, संप्लवन कोसळतं, आणि वर असलेला रेणू पाच-सहा मिनिटांत खाली येऊन चिकटतो. गॅनिमिडचं ग्रहण साडेतीन तासांपर्यंत चालतं. शिवाय त्यांचा आकडा सगळ्या वातावरणाचा सरासरी आहे, रोथ यांचा चकतीच्या मधल्या भागाचा. दुपारच्या रस्त्यावरची गर्दी आणि मध्यरात्रीच्या सगळ्या शहरातली सरासरी गर्दी यांची तुलना करून कोणी कोणाला खोटं ठरवत नाही.

म्हणजे दोन्ही पेपर एकाच वेळी खरे असू शकतात. उलट, वाफ संप्लवनातून येत असेल तर ग्रहणात ती नाहीशी व्हायलाच हवी. पण हे रोथ यांच्या बाजूचा पुरावा म्हणूनही वापरता येत नाही, कारण पाणी मुळातच कमी असतं तरी ग्रहणात ते दिसलंच नसतं. जे निरीक्षण दोन्ही शक्यतांमध्ये सारखंच येणार, ते निवाडा करत नाही.

माझा निकाल

सूर्याखाली पाण्याची वाफ आहे, यावर माझा विश्वास आहे. जागेचा आणि गोलार्धांचा नमुना दुसऱ्या कशाने सहज समजावता येत नाही. ती किती आहे, यावर मी दहापटींच्या आतली पैज लावणार नाही. आणि माझ्या प्रबंधात मी ‘पाणी आढळलं’ असं न लिहिता ‘ऑक्सिजनच्या दोन रेषांच्या प्रमाणावरून पाण्याची उपस्थिती सुचवली गेली आहे’ असं लिहितो. वाक्य लांबतं, पण ते खरं असतं.

मत बदलायला काय लागेल, हेही सांगायला हवं. पाण्याच्या स्वतःच्या रेषा, आणि पृथ्वीवरून मिळत नाही असा कोन. युरोपीय अंतराळ संस्थेचं ज्यूस यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघालं आहे. ते जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी आणि २०३४ च्या अखेरीस गॅनिमिडच्या कक्षेत पोहोचायचं आहे. त्याच्यावरचं सबमिलिमीटर उपकरण पाण्याच्या रेणूच्या रेषा थेट मोजेल, आणि एक उपकरण रेणू पकडून त्यांचं वस्तुमान तपासेल. शिवाय यान चंद्राभोवती फिरत असल्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र वेगवेगळी बघता येईल. चकतीचा मध्य आणि सूर्याखालचा बिंदू तेव्हा सुटे होतील. आज बीएस्सीला असलेल्यांच्या हातात तो डेटा येणार आहे, म्हणूनही हे तुम्हाला सांगतोय.

तोपर्यंत, कुठलाही मॉडेलचा किंवा ‘सापडलं’चा पेपर हातात घेतलात की वहीत तीन रकाने पाडा. मोजलेलं, गृहीत धरलेलं, काढलेलं. प्रत्येक आकडा यांतल्या एका रकान्यात टाका. मग गृहीत रकान्यातला एक-एक आकडा थोडा हलवून बघा, निष्कर्ष जागचा हलतो का. ज्याने हलतो, त्यावर तुमचा पहिला प्रश्न. कधी कधी त्यावर तुमची पीएचडीही.

आणि मुलाखतीत कोणी विचारलं, “हबलने काय मोजलं?” तर उत्तर आता तुम्हाला माहीत आहे. हबलने पाणी नाही, ऑक्सिजन अणूच्या दोन रेषांचं तेज मोजलं. पाणी लेखकांनी त्यावरून काढलं. एवढं स्वच्छ सांगता आलं, की पुढच्या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही.